जुन्या गाडीचा भाव करताना: डीलरसमोर बसण्याआधी आणि बसल्यावर

डीलर रोज भाव करतो, गिऱ्हाईक पाच-सात वर्षांतून एकदा. बोलण्याच्या जोरावर त्याला नमवू ही आशा सोडून दिलेली बरी. भाव खाली येतो तो तीन गोष्टींमुळे: तशाच दुसऱ्या गाड्या कितीला मिळताहेत हे तुम्हाला ठाऊक असतं, या गाडीवर लगेच किती खर्च आहे हे तुम्ही आकड्यांत मांडू शकता, आणि सौदा मोडला तरी तुमचं काही अडत नाही. यातलं काहीही टेबलावर बसल्यानंतर जमवता येत नाही, म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग बसण्याआधीचा आहे.

डीलरचा हिशेब

गाडीचा विचारलेला भाव १०० धरू. पुढची सगळी उदाहरणं याच मापात आहेत, आपल्या गाडीचे आकडे त्यात बसवून घ्यावेत. डीलरने ती गाडी समजा ८० ला उचलली. सर्व्हिस, आतली साफसफाई, पॉलिश आणि किरकोळ डेन्टिंग-पेंटिंग यांवर ४ घातले. गाडी उभी राहते त्या जागेचं भाडं, गुंतलेल्या पैशांवरचं व्याज, जाहिरात आणि विक्रेत्याचं कमिशन मिळून आणखी ३. म्हणजे ८७ च्या खाली तो पदरचे घालणार. ८७ आणि १०० यांच्यामधले १३ हेच घासाघिशीचं मैदान. प्रत्येक गाडीत हे आकडे वेगळे असतात, पण मांडणी हीच असते.

या मांडणीतून दोन गोष्टी कळतात. पहिली, ‘निम्म्या भावात मागून बघू’ हा सल्ला इथे चालत नाही. ६० ला मागितलं की समोरचा ओळखतो की याला बाजार माहीत नाही, आणि पुढचं तुमचं एकही वाक्य तो मनावर घेत नाही. दुसरी, डीलर फक्त गाडीवर कमवत नाही. कर्ज मिळवून दिल्याचं कमिशन, तुमची जुनी गाडी स्वस्तात घेणं, वाढीव वॉरंटी, कोटिंग, ॲक्सेसरी या सगळ्यांत त्याचा नफा असतो. कित्येकदा गाडीवर ३ सोडून तो इथे ५ वसूल करतो. त्यामुळे गाडीचा भाव फार सहज खाली आला तर आनंद मानण्याआधी बाकीचे कागद बघावेत.

गाडी दुकानात जितके दिवस उभी, तितका तिचा खर्च वाढतो आणि बाजारभाव उतरतो. बरेच डीलर दीड-दोन महिने न विकलेल्या गाडीचा भाव स्वतःहून कमी करू लागतात. म्हणून आवडलेल्या गाडीची जाहिरात पहिल्यांदा दिसली ती तारीख आणि तेव्हाचा भाव टिपून ठेवा, स्क्रीनशॉटसकट. दोन दिवसांपूर्वी आलेल्या, मागणी असलेल्या गाडीवर फार काही सुटत नाही. सत्तर दिवस उभ्या असलेल्या, नावडत्या रंगाच्या गाडीवर सुटतं. महिनाअखेरीला भाव उतरतो असं म्हणतात. जिथे विक्रेत्यांना महिन्याचं टार्गेट असतं तिथे ते खरं आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो तिथे तीस तारीख आणि पाच तारीख सारखीच.

तुमचा आकडा

तेच मॉडेल, तेच इंधन, तोच गिअरबॉक्स, वर्ष एकाने मागेपुढे आणि किलोमीटर साधारण वीस टक्के कमी-जास्त, अशा आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती शोधा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग बाजूला काढा. स्वस्तात सहसा काहीतरी लपलेलं असतं आणि महाग विकलीच जात नाही. उरलेल्यांचा मधला भाव काढा. समजा तो ९८ आला. हे विचारलेले भाव आहेत, मिळालेले नव्हेत, म्हणून खरा बाजार याहून थोडा खाली धरायचा.

किलोमीटरच्या बाबतीत एक गंमत ध्यानात ठेवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घाऊक लिलावातल्या दोन कोटींहून जास्त जुन्या गाड्यांचे भाव तपासले होते. दर दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडला की भाव एकदम पायरीसारखा खाली येत होता, कारण लोक पहिला आकडा बघतात आणि पुढच्यांकडे दुर्लक्ष करतात. म्हणजे ७९,८०० चाललेल्या गाडीपेक्षा ८०,३०० चाललेली घेणं शहाणपणाचं. यांत्रिक फरक शून्य, आणि ‘ऐंशीच्या वर गेली आहे’ हे वाक्य तुमच्या बाजूने. मात्र तुम्ही विकणार असाल तर उलटं.

आता कागदावर तीन आकडे लिहा: सुरुवातीची बोली, अपेक्षित भाव आणि कमाल मर्यादा. गाडी तपासल्यानंतर यात बदल होईल, टेबलावर बसल्यानंतर मात्र होणार नाही. कमाल मर्यादेत ट्रान्सफर, फी, विमा सगळं धरून हातातून जाणारी एकूण रक्कम हवी. नुसती गाडीची किंमत लिहिली तर शेवटच्या दहा मिनिटांत वाढणाऱ्या आकड्यांना तुमच्याकडे उत्तर नसतं.

कर्ज घ्यायचं असेल तर डीलरकडे जाण्याआधी आपल्या बँकेकडून दर आणि मंजुरी घेऊन ठेवा. डीलरचं कर्ज स्वस्त पडलं तर घ्यायला हरकत नाही, पण तुलनेला काहीतरी हातात हवं.

तपासणी: इथे पैसे सुटतात

फोन करतानाच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच इंजिन तापवलंय, आणि थंड इंजिनाच्या सुरुवातीच्या तक्रारी तुम्हाला ऐकू येणार नाहीत. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणावं. थंड इंजिन सुरू करताना धुराकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची) शंका घ्या. थंड हवेत सुरुवातीला निघणारी पातळ वाफ मात्र साधी असते. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर डिपस्टिकही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा. फक्त झाकणाला असेल तर जवळच्या छोट्या फेऱ्यांमुळे साठलेली ओल असू शकते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर भाव करायचाच नाही, निघायचं.

टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कोड कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला असतो, वाकून बघावा लागतो. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. १.६ ही अनेक देशांतली कायदेशीर किमान मर्यादा, पण ३ च्या खाली गेल्यावर ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. चारही टायर ३ च्या आसपास असतील तर चार नव्या टायरांची पूर्ण किंमत मागायला जागा आहे. ५ वर असतील तर विषय काढू नका, उगीच किरकिऱ्या ठराल. झीज कशी झाली आहे तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे बुश. तिसऱ्या प्रकारात टायर बदलून काम भागत नाही, नवा टायरही तसाच खाल्ला जातो. तिथे दोन खर्च मोजायचे.

ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर बोट फिरवून बघा. उंच काठ लागला तर डिस्क बरीच झिजली आहे. बऱ्याच डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि जाडी मोजायचं व्हर्निअर असेल तर दोन मिनिटांत मोजता येते.

इंजिनचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे घरूनच शोधून जा. बेल्ट असेल तर कंपनीने दिलेली मुदत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत असते, आणि जे आधी येईल ते लागू. गाडी कमी चाललेली म्हणून बेल्ट चांगला, असं होत नाही, रबर वयाने मरतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणून बदलल्याचं बिल दिसलं नाही तर बदललेला नाही असंच धरायचं. ‘केलाय हो, बिल कुठेतरी असेल’ या वाक्याची किंमत शून्य. हा सौद्यातला सगळ्यांत वजनदार मुद्दा ठरू शकतो, कारण खर्च मोठा असतो, ठरलेला असतो आणि नाकारता येत नाही.

रंगाची जाडी मोजणारं पेंट गेज मिळालं तर उत्तम. कंपनीतून निघालेल्या रंगाची जाडी बहुतेक ९० ते १५० मायक्रॉन असते. एखाद्या दरवाज्यावर २५० आलं तर तो पुन्हा रंगवलेला, आणि ५००-७०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. एकच दरवाजा रंगवलेला असणं फार मोठी गोष्ट नाही, ओरखड्यापायीही रंगवतात. छत आणि खांब यांच्यावर पुट्टी निघाली तर मात्र गाडी मोठ्या अपघातातली आहे. गेज नसेल तर बॉनेट आणि दरवाज्यांच्या बिजागरांचे बोल्ट बघा. रंग उडालेला, पान्याच्या खुणा असलेला बोल्ट म्हणजे तो भाग कधीतरी काढलाय. काचांच्या कोपऱ्यातला शिक्का सगळीकडे एकाच कंपनीचा आहे का, तेही बघून घ्या.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाकडे मळकट पाण्याची रेघ, सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, कुबट वास दाबायला भरमसाट सुगंध: यातल्या दोन खुणा जुळल्या की गाडी पाण्यात बुडालेली आहे. तिचा कुठलाच भाव योग्य नसतो. वायरिंगचे दोष महिन्यांनी वर येतात आणि संपत नाहीत.

मीटर मागे फिरवल्याची शंका आली तर सर्व्हिस बिलांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे लावून बघा. आकडा कुठेही मागे येता कामा नये. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली आणि मीटर म्हणतंय ३५ हजार, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा.

ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं छोटं यंत्र, स्वस्त असतो आणि फोनशी जोडला जातो. तो लावून फक्त एरर कोड बघणारे बरेच असतात, आणि कोड नाही म्हणून खूश होतात. खरी माहिती दुसरीकडे असते: ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडी स्वतःच्या घेते त्या चाचण्या) पूर्ण आहेत का, आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. मॉनिटर अपूर्ण आणि अंतर ४ किलोमीटर दिसलं तर कोणीतरी आज सकाळी कोड पुसून इंजिनचा दिवा विझवला आहे. बॅटरी काढली तरी असं होऊ शकतं, म्हणून आरोप न करता म्हणा, ‘गाडी अजून पन्नास-शंभर किलोमीटर चालू दे, मी परवा पुन्हा स्कॅन करतो.’ प्रामाणिक डीलर हो म्हणेल.

चालवताना वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगावर असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय. रेडिओ बंद ठेवा, विक्रेत्यालाही थोडा वेळ गप्प बसायला सांगा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर वरचं निम्मं लागू नाही, तिथे बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दाखवणारा अहवाल आणि बॅटरी वॉरंटी किती शिल्लक आहे, हे दोनच आकडे भाव ठरवतात.

इतकं करूनही, पसंत पडलेली गाडी आपल्या मेकॅनिकला लिफ्टवर चढवून दाखवा. डीलर नाही म्हणाला तर त्याचं कारण काहीही असो, गाडी सोडून द्या. मेकॅनिककडून लेखी यादी घ्या: दोष, भाग, मजुरी, एकूण. गॅरेजचं नाव असलेला हा एक कागद टेबलावर तासभराच्या बोलण्याहून जास्त काम करतो.

कोणत्या दोषाला किती

सापडलेला प्रत्येक दोष वजा होत नाही. जाहिरातीत ‘मागच्या बंपरला ओरखडा’ लिहिलेला असेल तर तो भावात धरलेला आहे. सहा वर्षांच्या गाडीला सहा वर्षांच्या गाडीइतकी झीज असणारच, तुलनेतल्या बाकीच्या गाड्यांनाही ती आहे. वजा होतो तो दोष जो डीलरला माहीत नव्हता किंवा त्याने सांगितला नव्हता, आणि जो पुढचं गिऱ्हाईकही पकडणार आहे. हे दुसरं महत्त्वाचं. तुम्ही निघून गेलात तरी टायर तसेच राहणार, आणि ते त्याला ठाऊक असतं.

आपल्या उदाहरणात मधला भाव ९८ होता. टायर ३, टायमिंग बेल्ट ३, पुढचे ब्रेक १, असे ७ वजा केले तर ९१. विचारलेला आणि खरा भाव यांतल्या फरकासाठी थोडं कमी करून अपेक्षित ९०, कमाल ९३, सुरुवात ८५.४. हा ‘.४’ मुद्दाम ठेवला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की गोल आकड्यापेक्षा नेमक्या आकड्याची बोली लावली तर समोरचा त्याच्या जवळपासची उलटबोली करतो, कारण हा माणूस हिशेब करून आलाय असं त्याला वाटतं. इथे तुम्ही खरंच हिशेब करून आलेला आहात, म्हणून तो विचारला तर दाखवताही आला पाहिजे.

दुरुस्ती करून घ्यायची की पैसे कमी करायचे? ज्याचा खर्च पक्का माहीत आहे, टायर, ब्रेक, बेल्ट, तिथे पैसे कमी करून घ्या. डीलरला बसवायला सांगितलं तर तो सगळ्यांत स्वस्त माल बसवेल. ज्याचं मूळ कळलेलं नाही, पेटलेला दिवा, कुठूनतरी येणारा आवाज, एसी थंड न होणं, तिथे उलट: दुरुस्ती त्याने, ताबा देण्याआधी, त्याच्या खर्चाने करायची. एसीला गॅस भरला की झालं म्हणून तो १ सोडतो, आणि पुढे कंप्रेसर निघाला तर तुमचे ५ जातात.

टेबलावर

पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, बजेट काय आहे आपलं?’ किंवा ‘महिन्याला किती हप्ता जमेल?’ दोन्हींची उत्तरं द्यायची नाहीत. बजेट सांगितलं की गाडीचा भाव तिथवर चढतो. हप्ता सांगितला की मुदत लांबते. १०० कर्ज, दर साल १२ टक्के घटत्या शिलकीवर, ३६ महिने घेतलं तर हप्ता ३.३२ आणि एकूण भरणा ११९.६. तेच ६० महिन्यांवर नेलं की हप्ता २.२२ वर येतो, भरणा मात्र १३३.५ होतो. ‘हप्ता केवढा कमी केला बघा!’ म्हणताना त्याने स्वतःच्या खिशातून काहीच काढलेलं नसतं. फ्लॅट दर (कर्ज फिटत आलं तरी मूळ पूर्ण रकमेवरच व्याज) सांगितला तर आणखी जपून: ५ वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे साडेबारा टक्के. उत्तर एवढंच द्या, ‘पैशांची सोय आहे. आधी गाडीचा एकूण भाव बोलू, बाकीचं नंतर.’

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर तीही आत्ता बाहेर काढू नका. दोन भाव एकत्र आले की ‘वरचे फक्त ५५ द्या’ अशी भाषा सुरू होते, आणि तुमच्या गाडीला ४० चे ४४ दाखवून याच्या गाडीत ते ४ परत घातलेले असतात. तुमच्या गाडीचा भाव दुसऱ्या एक-दोन ठिकाणी आधीच काढून ठेवा. इथला सौदा ठरल्यावर विचारा. त्याने कबूल केलेला भाव तो यावरून बदलू लागला तर गाडी दुसरीकडे विकता येते.

बोलायला सुरुवात गाडीच्या कौतुकाने केली तर बिघडत नाही, फक्त ‘हीच हवी होती’ म्हणू नका. घरचं कोणी बरोबर असेल तर त्यांनाही आधी सांगून ठेवा. रंग बघून झालेला आनंद विक्रेत्याला दुरूनही दिसतो. मग यादी ठेवा आणि आकडा सांगा:

‘तशाच गाड्या ९४ ते १०२ मध्ये आहेत, हे बघा. यावर टायर, बेल्ट आणि ब्रेक मिळून ७ चा खर्च आहे, ही गॅरेजची यादी. मी ८५.४ देतो, सगळं धरून, कागद आज.’

आणि गप्प बसा. ही शांतता अवघड जाते आणि बहुतेक लोक ती स्वतःच मोडतात: ‘म्हणजे... ८७ पर्यंत बघू.’ समोरच्याने तोंडही उघडलेलं नसताना दीड गेले.

तो म्हणेल, ‘साहेब, एवढ्यात तर आमची खरेदी पण नाही.’ असेल किंवा नसेल, त्यावर वाद घालू नका. त्याची खरेदी हा त्याचा प्रश्न. ‘तुम्ही किती करू शकता ते सांगा.’ तो ९८ म्हणाला तर ९८ आणि ८५.४ यांचा मध्य काढून द्यायचा नाही. तुम्ही ८८ वर या. तो ९५. तुम्ही ८९.५. तो ९३. तुम्ही ९०.२. तुमच्या पायऱ्या २.६, १.५, ०.७ अशा लहान होत गेल्या पाहिजेत, म्हणजे तळ जवळ आल्याचं न सांगता कळतं. प्रत्येक वेळी सारखे दोन-दोन वाढवले तर आणखी दोन आहेतच असं तो धरून चालतो. आणि स्वतःच्याच बोलीवर पुन्हा चढायचं नाही. तो हलला तरच तुम्ही हलायचं.

‘चला, मधलं करून टाकू’ हे शेवटी येतंच. मध्य कोणाच्या बाजूचा आहे ते आधी बघा. ९३ आणि ९०.२ चा मध्य ९१.६, कमाल मर्यादेच्या आत आहे, घेता येईल. पण त्याने ९८ वरच मध्याची भाषा काढली असेल तर ती चाल आहे.

‘वरती विचारून येतो’ म्हणून विक्रेता आत जातो आणि तुम्ही वीस मिनिटं बसून राहता. थकवण्याचा हा जुना प्रकार. थांबा, पण तेवढ्यात बाहेर जाऊन दुसऱ्या डीलरला फोन लावा. ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ यावर ‘मग त्यांना देऊन टाका, नाही जमलं तर मला कळवा’ एवढं पुरतं. पार्टी खरी असू शकते. तरी तुमची कमाल मर्यादा तिच्यामुळे बदलत नाही.

भाव अडला आणि एक-दीडचा फरक उरला तर वस्तू मागा, पण मोलाच्या. दुसरी चावी नसेल तर ती प्रोग्राम करून मागा, हल्लीच्या चाव्या महाग असतात. नवी बॅटरी, पूर्ण सर्व्हिस, इंजिन आणि गिअरबॉक्सची काही महिन्यांची लेखी वॉरंटी, ट्रान्सफरचा खर्च. मॅट, सीट कव्हर, परफ्यूम यांना एक-दीडच्या फरकात मोजू नका. उलट कोटिंग किंवा वाढीव वॉरंटी तुमच्या गळ्यात मारली जात असेल तर विचारा, ‘हे काढलं तर एकूण किती?’ त्या उत्तरावरून तिची खरी किंमत कळते.

काही ठिकाणी ‘एकच भाव’ अशी पाटी असते आणि गाडीवर खरोखरच काही सुटत नाही. तिथे घासाघीस करायची ती एक्स्चेंजच्या भावावर, कर्जाच्या दरावर आणि प्रोसेसिंग फीवर. या तिन्ही गोष्टी पाटीत बसत नाहीत.

मर्यादेत येत नसेल तर उठा. नाराजी न दाखवता आपला आकडा आणि फोन नंबर कागदावर लिहून द्या: ‘९०.२, शुक्रवार संध्याकाळपर्यंत.’ मुदत हवीच. ती नसेल तर तो तुमचा आकडा दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर तळ म्हणून वापरतो आणि तुम्ही ताटकळत बसता. शुक्रवारपर्यंत त्याचा फोन आला नाही तर यादीतल्या दुसऱ्या गाडीकडे वळा. पुढच्या आठवड्यात त्याने ९२ म्हणून फोन केला तर पुन्हा ९०.२ पासूनच बोलायचं.

इसार आणि ताबा

भाव ठरल्यावर सौदा संपला असं वाटून हात सैल सुटतो, आणि नेमकं इथे ‘हँडलिंग’, ‘फाइल चार्ज’, ‘डॉक्युमेंटेशन’ अशा नावांनी २ परत चढतात. सरकारी पावती मिळते ती रक्कम भरायची, बाकीची प्रत्येक ओळ म्हणजे त्याचा नफा. ‘हे सगळ्यांनाच लागतं, सिस्टिममधून काढता येत नाही’ असं म्हणाला तर ठीक, ओळ राहू दे, गाडीच्या भावातून तेवढेच कमी कर.

इसार लहान द्या, रोख दिला तरी पावती घ्या. पावतीवर गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक, आजचे किलोमीटर, सगळं धरून ठरलेली रक्कम, कबूल केलेली कामं एकेक करून, ताब्याची तारीख, आणि हे वाक्य हवं: कागदपत्रांत बोजा किंवा मालकीची अडचण निघाली, कामं झाली नाहीत, किंवा ठरलेल्या रकमेत वाढ झाली तर इसार पूर्ण परत. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा कागद बघितल्याशिवाय मोठी रक्कम द्यायची नाही. चॅसिस क्रमांक गाडीवर कोरलेला आणि कागदावरचा, दोन्ही शेजारी धरून वाचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, दिसली तर कोणीतरी खेळ केलाय.

ताबा घ्यायच्या दिवशी बाकी रक्कम देण्याआधी पुन्हा एक चक्कर मारा. टायरवरचे तेच चार आकडे, तीच स्टेपनी, जॅक, दोन्ही चाव्या, आणि मीटरवर इसाराच्या दिवसापेक्षा फार तर काही किलोमीटर जास्त. एखादं काम राहिलं असेल तर ‘पुढच्या आठवड्यात आणा, करून देतो’ हे ऐकून न घेता तेवढी रक्कम मागे ठेवा. ती त्याला पसंत नसेल तर गाडी काम होईपर्यंत त्याच्याकडेच राहू द्या आणि बाकी पैसे तुमच्याकडे.